मौलाली ते धर्मतला

सियालदह स्टेशनातून बाहेर पडलं की डोळ्यांच्या आधी कान कामाला लागतात. बसच्या दारात उभा असलेला कंडक्टर पत्र्यावर थाप मारत पुकारा करत असतो: मौलाली, मौलाली, धर्मतला! 1862 मध्ये इथून राणाघाट आणि पुढे कुष्टियापर्यंत रेल्वे सुरू झाली. तेव्हापासून नदिया, चोवीस परगणा आणि फाळणीआधीच्या पूर्व बंगालमधून येणारी माणसं याच दारातून कोलकात्यात उतरत आली. फाळणीनंतर तर हजारो निर्वासितांनी याच फलाटांवर संसार मांडले. त्या सगळ्यांना या शहराची पहिली ओळख झाली ती अशा पुकारलेल्या नावांतून.

स्टेशनच्या दक्षिणेला थोडं चाललं की मौलालीचा चौक येतो. तिथे मौला अलींच्या नावाचा जुना दर्गा आहे. हैदराबादजवळचा मौला अलीचा डोंगर माहीत असलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे नाव परकं वाटणार नाही. या चौकातून पश्चिमेला एस्प्लनेडकडे जातो तो धर्मतला रस्ता. पाटीवर मात्र नाव आहे लेनिन सरणी. एका टोकाला हजरत अली, दुसऱ्या टोकाला धर्म, आणि दोघांना जोडणाऱ्या रस्त्याला ईश्वर न मानणाऱ्या क्रांतिकारकाचं नाव. लेनिनच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, म्हणजे 1970 च्या आगेमागे, हे नामांतर झालं. त्याला अर्धं शतक उलटून गेलं, तरी कंडक्टर 'धर्मतला'च पुकारतो आणि प्रवासी धर्मतल्याचंच तिकीट मागतात.

मग या रस्त्याचं खरं नाव कोणतं मानायचं? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. नावाला नावपण कोण देतं: ते ठेवणाऱ्याचा अधिकार, की ते घेणाऱ्याची जीभ? आणि ज्याचं नाव घेतलं जातं, त्याच्यापर्यंत ते पोचतं का?

या प्रश्नावर भारतात झालेल्या सर्वांत बारीक चर्चांपैकी एक सियालदहहून फार दूर झालेली नाही. कृष्णनगरच्या गाड्या ज्या नदिया जिल्ह्यात जातात, त्याच जिल्ह्यातलं नवद्वीप हे नव्यन्यायाचं, म्हणजे नव्या तर्कशास्त्राचं, मोठं पीठ होतं. सतराव्या शतकात तिथल्या परंपरेतल्या विश्वनाथ न्यायपंचाननांनी 'सिद्धांतमुक्तावली' लिहिली. आजही न्यायशास्त्र शिकणारा विद्यार्थी हा ग्रंथ वाचतो. शब्दातून अर्थ कळतो तो त्यातल्या 'शक्ती'मुळे, असं नैयायिक म्हणतात. ही शक्ती म्हणजे काय? या शब्दातून हा अर्थ समजावा अशी ईश्वराची इच्छा, हे जुन्यांचं उत्तर. मग माणसांनी काल-परवा ठरवलेल्या संकेतांचं काय करायचं? त्यांत शक्ती नाही, असं परंपरा सांगते. नव्यांना ते पटलं नाही. इच्छा ईश्वराचीच हवी असा आग्रह कशाला, नुसती इच्छा पुरे. म्हणून माणसाने नव्याने ठरवलेल्या संकेतातही शक्ती असतेच, असं त्यांचं म्हणणं.

नव्यांच्या बाजूने पाहिलं तर महापालिकेचा ठराव पुरेसा आहे. सभागृहाने इच्छा केली, रस्ता लेनिन सरणी झाला. पण त्याच न्यायशास्त्रात आणखी एक विचार आहे. शब्दाचा अर्थ माणूस शिकतो कसा? व्याकरणातून, कोशातून, विश्वासू माणसाच्या सांगण्यातून आणि व्यवहारातून. थोरली माणसं बोलतात, त्याप्रमाणे वागतात, आणि शेजारी उभं असलेलं मूल ते पाहून शब्द शिकतं. पाटी म्हणजे अधिकाऱ्याचं सांगणं, कंडक्टरचा पुकारा म्हणजे व्यवहार. सियालदहच्या परिसरात या दोघांची गाठ रोज पडते.

धर्मतल्याचा 'धर्म' कोणता, याबद्दलही एकमत नाही. बंगालच्या राढ भागात धर्मठाकूर नावाचा देव आहे. त्याला मूर्ती नसते. कासवाच्या आकाराचा किंवा नुसताच ओबडधोबड दगड असतो आणि त्याची पूजा पिढ्यान्‌पिढ्या डोम, बागदी अशा गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातींच्या हाती राहिली. त्याच्या ठाण्यावरून हे नाव आलं, असं एक मत. या जागी पूर्वी एक मशीद होती, त्या पवित्र जागेवरून नाव पडलं, असं दुसरं. तिसऱ्या मताप्रमाणे हा धर्म बुद्ध, धर्म, संघ या त्रिरत्नांतला. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्रींनी तर 1897 मध्ये असं मांडलं होतं की बंगालमधली धर्मठाकुराची पूजा हा बौद्ध धर्माचाच टिकून राहिलेला अवशेष आहे. आज त्या रस्त्याच्या एस्प्लनेडकडच्या कोपऱ्यावर टिपू सुलतानाचा मुलगा गुलाम मुहम्मद याने 1842 मध्ये बांधलेली मशीद उभी आहे.

हिंदू, मुसलमान, बौद्ध, तिघांनाही 'धर्मतला' या नावात आपलं काही सापडतं. कोणी कोणाला बाहेर काढत नाही. ठराव न करता रुजलेल्या नावाचं हे सामर्थ्य आहे. त्याच्या मागे कोणाचा दावा नसतो, म्हणून त्यात सगळ्यांना जागा मिळते.

सियालदहच्या आसपासची सर्वांत जुनी नावं अशीच आपोआप आलेली आहेत. बैठकखाना हे नाव एका विस्तीर्ण वडावरून आलं. व्यापारी तिथे सावलीला थांबत, माल उतरवत, बैठक मारत. जॉब चार्नॉकही त्या वडाखाली हुक्का ओढत बसायचा, असं कोलकात्याची परंपरा सांगते. वड केव्हाच गेला, बैठकखाना रोड आणि बैठकखाना बाजार राहिले. जवळच क्रीक रो आहे. हुगळीपासून पूर्वेच्या खाऱ्या दलदलीपर्यंत एक खाडी इथून वाहत असे. 1737 च्या भयंकर वादळात तिच्यात नावा फुटल्या आणि त्या भागाला 'डिंगाभांगा' म्हणू लागले, असं सांगतात. खाडी बुजली, तिच्यावर घरं झाली, पण पाण्याचा माग पाटीवर उरला. सर्पेंटाइन लेनला तर कोणाचंच नाव नाही. गल्ली सापासारखी वळत जाते एवढंच ती पाटी सांगते.

मराठी वाचकाने विशेष थांबून पाहावं असं नाव मात्र आता सियालदहला दिसत नाही. स्टेशनसमोरून उत्तर-दक्षिण जाणारा मोठा रस्ता जिथून जातो, तिथे एके काळी मराठा खंदक होता. 1742 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. बंगालमध्ये ते भास्कर पंडित म्हणून ओळखले जातात आणि त्यांचे घोडेस्वार 'बर्गी' म्हणून. घाबरलेल्या कोलकातावासीयांनी नवाब अलिवर्दी खानाच्या परवानगीने शहराभोवती सुमारे सात मैलांचा खंदक खणायला घेतला. तीनेक मैल झाल्यावर काम थांबलं, कारण बर्गी कोलकात्यात आलेच नाहीत. 1744 मध्ये अलिवर्दीने भास्कर पंडितांना वाटाघाटीसाठी बोलावून मारलं. 1751 मध्ये तह झाला, मराठ्यांना ओरिसा आणि बंगालची वर्षाला बारा लाखांची चौथाई मिळाली. पण पश्चिम बंगालच्या गावांनी सोसलेली जाळपोळ आणि लूट त्या तहाने पुसली गेली नाही. बंगाली आया आजही बाळांना झोपवताना बर्गींचं भय घालणारं अंगाईगीत म्हणतात. गंगाराम नावाच्या कवीने या स्वाऱ्यांवर लिहिलेल्या काव्याला 'महाराष्ट्र पुराण' असं नाव दिलं.

1799 मध्ये खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आज मराठा खंदकाचं नाव फक्त उत्तरेला बागबाजारातल्या एका गल्लीला आहे. तरीही ही गोष्ट इथे संपत नाही. देवघरजवळ जन्मलेले, मराठी घरातले पण बंगालीत लिहिणारे सखाराम गणेश देऊसकर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालला शिवाजी महाराजांची ओळख करून दिली. त्यांच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी 1904 मध्ये 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. 1906 मध्ये लोकमान्य टिळक कोलकात्यातल्या शिवाजी उत्सवाला गेले. ज्या शहराने मराठ्यांच्या भीतीने खंदक खणला, त्याच शहराने मराठ्यांच्या राजाचा उत्सव केला. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही आठवणं हे मराठी माणसाचं कर्तव्य आहे. उत्सव आठवायचा आणि खंदक विसरायचा, असं करता येणार नाही.

कंपनीच्या काळात नावं वरून खाली येऊ लागली. 1817 मध्ये नेमलेल्या लॉटरी कमिटीने सोडतीच्या पैशातून सरळ, रुंद रस्ते काढले आणि त्यांना कॉर्नवॉलिस, वेलस्ली, अ‍ॅम्हर्स्ट अशा गव्हर्नर जनरलांची नावं दिली. पुढे सियालदह आणि हावडा यांना जोडणारा रस्ता झाला, त्याला महापालिकेचे अध्यक्ष हॅरिसन यांचं नाव मिळालं. विजेचे दिवे लागलेल्या कोलकात्यातल्या पहिल्या रस्त्यांपैकी हा एक.

पण त्या मोठ्या रस्त्यांच्या पोटातल्या गल्ल्यांकडे पाहावं. पांचू खानसामा लेन, छकू खानसामा लेन, अखिल मिस्त्री लेन. आणि दक्षिणेला तालतल्यात सारंग लेन, म्हणजे जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमाची गल्ली. साहेबाच्या टेबलावर जेवण वाढणारा, लाकूड किंवा लोखंड घडवणारा, जहाजावर राबणारा. यांना कोणी सभा भरवून मान दिला नाही. ते तिथे राहिले, शेजाऱ्यांनी त्यांच्या नावाने पत्ता सांगितला, टपालवाल्याने तो मानला. कॉर्नवॉलिस आणि अ‍ॅम्हर्स्ट पाट्यांवरून उतरले. एक विधान सरणी झाला, दुसरा राजा राममोहन सरणी. खानसामा मात्र राहिले. महाराष्ट्राच्या संतपरंपरेत गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी यांच्या नावात त्यांचं काम आहे आणि ते काम त्यांच्या भक्तीपासून कोणी वेगळं काढलं नाही. सियालदहच्या गल्ल्यांनी राबणाऱ्या माणसाला तसंच, कामासकट, नावात ठेवलं आहे.

स्वातंत्र्यानंतर नामांतरं झाली आणि त्यांतल्या बहुतेकांमागे न्याय होता. हॅरिसन रोड महात्मा गांधी रोड झाला. मिर्झापूर स्ट्रीटला सूर्य सेन यांचं नाव मिळालं. 1930 च्या चितगाव शस्त्रागार हल्ल्याचे ते नेते, 12 जानेवारी 1934 रोजी फासावर गेले. बहूबाजार स्ट्रीट क्रांतिकारक बिपिनबिहारी गांगुलींच्या नावाचा झाला. सर्क्युलर रोडचे दोन भाग दोन वैज्ञानिकांना मिळाले: उत्तरेचा आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांना, दक्षिणेचा आचार्य जगदीशचंद्र बसू यांना. जगदीशचंद्रांनी 30 नोव्हेंबर 1917 रोजी स्थापन केलेली संस्था मात्र मित्राच्या नावाच्या रस्त्यावर आहे. तिला त्यांनी मंदिर म्हटलं होतं आणि बंगालीत ती 'बसू विज्ञान मंदिर' म्हणूनच ओळखली जाते. सियालदहच्या उड्डाणपुलाला विद्यापतींचं नाव आहे. राधाकृष्णाच्या प्रेमाची पदं रचणारे हे मैथिली कवी. चैतन्य महाप्रभू त्यांची पदं ऐकून देहभान विसरत. पुलावरून जाणारे मात्र त्याला सियालदहचा फ्लायओव्हरच म्हणतात.

काही नावं वाद घालण्यासाठीही ठेवली गेली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात ज्या रस्त्यावर अमेरिकेचा वाणिज्य दूतावास आहे त्या हॅरिंग्टन स्ट्रीटचं नाव हो चि मिन्ह सरणी केलं गेलं. त्या रागाला कारण होतं. पण जे नाव दुसऱ्याला टोचण्यासाठी ठेवलं जातं, त्यात ज्याचं नाव आहे त्याच्याबद्दलचा आदर किती आणि टोचण्याचं समाधान किती, हे विचारायला हवं.

आठवण नेमकी कुठे वसते, हे सियालदहला आणखी एका प्रकारे कळतं. 19 फेब्रुवारी 1897 रोजी पश्चिमेहून परतलेले स्वामी विवेकानंद बजबजहून खास गाडीने याच स्टेशनावर उतरले. विद्यार्थ्यांनी त्यांच्या बग्गीचे घोडे सोडले आणि रिपन कॉलेजपर्यंत, म्हणजे आजच्या सुरेंद्रनाथ कॉलेजपर्यंत, ती स्वतः ओढत नेली. पुढे अर्धशतकाने, ऑगस्ट 1947 मध्ये, गांधीजी सियालदहच्या पूर्वेला बेलेघाट्यातल्या हैदरी मंझिलमध्ये मुस्लिम लीगचे नेते सुऱ्हावर्दी यांच्यासह राहिले. स्वातंत्र्याचा दिवस त्यांनी उपवास आणि प्रार्थनेत काढला. हिंदू-मुसलमान दंगा पुन्हा पेटला तेव्हा 1 सप्टेंबरला उपोषण सुरू केलं आणि शहर शांत झाल्यावर 4 तारखेला सोडलं. गांधींचं नाव दिलेला रस्ता स्टेशनच्या पश्चिमेला आहे आणि त्यांची सर्वांत अवघड परीक्षा झाली ती जागा पूर्वेला. पश्चिमेकडून रोज लाखो माणसं जातात. पूर्वेला मुद्दाम जावं लागतं.

एखाद्या रस्त्याच्या नावात काय काय साठून राहू शकतं, याचं सर्वांत सुंदर उदाहरण धर्मतल्याच्या पश्चिम टोकाशी आहे. तिथे चौरंगी लागते. पाटीवर जवाहरलाल नेहरू रोड आहे, पण बोलण्यात चौरंगीच. तिथल्या जंगलात राहणाऱ्या एका नाथपंथी योग्यावरून, चौरंगीनाथांच्या परंपरेवरून, हे नाव आलं अशी कोलकात्याची समजूत आहे. मराठी माणसाला चौरंगीनाथ नवे नाहीत. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेव आपली गुरुपरंपरा सांगतात, तिथे सप्तशृंगीवर मत्स्येंद्रनाथांची भेट होताच हातपाय तुटलेले चौरंगी सर्वांगांनी पूर्ण झाले, असा उल्लेख येतो. नाशिक जिल्ह्यातल्या डोंगरावरचा हा प्रसंग आणि कोलकात्यातला सर्वांत गजबजलेला रस्ता एका नावाने जोडलेले आहेत. चौरंगीवर उतरणाऱ्या किती मराठी प्रवाशांना हे ठाऊक असतं? ठाऊक नसताना ते जे नाव घेतात, त्याचं काही मोल आहे का?

या प्रश्नाचं सर्वांत उदार उत्तर भागवताच्या सहाव्या स्कंधात आहे. कान्यकुब्जचा अजामिळ वर्षानुवर्षं वाटमारी आणि फसवणूक करत राहिला. मरणाच्या वेळी यमदूत दिसताच त्याने भीतीने धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचं नाव नारायण. विष्णुदूत धावून आले आणि यमदूतांशी वाद घालून त्यांनी त्याला सोडवलं. दुसऱ्याला उद्देशून घेतलेलं, थट्टेत घेतलेलं, अजाणता घेतलेलंही नाव वाया जात नाही, असा त्यांचा युक्तिवाद. वारकऱ्यांची नामावरची सगळी श्रद्धा या दिलाशावर उभी आहे. तो मानला तर सियालदहचा कंडक्टरही दिवसभर मौला अलींचं आणि धर्माचं नाव घेतो आणि ते वाया जात नाही.

पण अजामिळाची कथा तिथे थांबत नाही, आणि पुढचा भाग कीर्तनात बहुधा सांगायचा राहतो. तो त्या क्षणी मरत नाही. दोन्ही दूतांचा संवाद तो ऐकतो, आपण काय केलं हे त्याला उमगतं, तो घर सोडून गंगाद्वाराला जातो आणि साधना करतो. गती त्याला मिळते ती त्यानंतर. अजाणता घेतलेल्या नावाने त्याला वेळ मिळवून दिला. त्या वेळाचं काय करायचं, हे जाणून घेणं त्याच्यावर होतं.

देवाच्या नावाला इतकी कृपा लाभत असेल. सूर्य सेन, पांचू खानसामा किंवा बर्गींच्या वाटेत जळालेलं खेडं यांच्या मदतीला मात्र कोणी विष्णुदूत येणार नाहीत. माणसाचं नाव त्याच्या कथेसकट घेतलं तरच ते त्याच्यापर्यंत पोचतं. कथा सुटली की गांधी रोड हा दोन स्टेशनांमधला एक रस्ता उरतो. म्हणून पाटी की पुकारा या वादात दोघेही अपुरे आहेत. पाटीला अधिकार आहे पण आठवण नाही. पुकाऱ्याला सवय आहे, आठवण असेलच असं नाही.

ही आठवण जपण्याचं काम कोलकात्यात एका परक्या माणसाने केलं. केरळमधून 1955 मध्ये आलेले पी. थंकप्पन नायर शहर पायी फिरले, ग्रंथालयांत बसले आणि 1987 मध्ये त्यांनी 'अ हिस्टरी ऑफ कॅलकटाज स्ट्रीट्स' हा रस्त्यांच्या नावांचा जाडजूड इतिहास प्रसिद्ध केला. शहर त्यांना अनवाणी इतिहासकार म्हणायचं. 2024 मध्ये ते वारले. असा माणूस प्रत्येक गावाला मिळतोच असं नाही.

महाराष्ट्रातही आज शहरं, रस्ते, स्टेशनं, चौक यांची नावं बदलत आहेत. पुण्यात सोन्या मारुती, जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा ही नावं कोणत्याही ठरावाने दिलेली नाहीत. सराफांनी, हलवायांनी, बाजारातल्या माणसांनी आपला व्यवहार देवाच्या नावाला जोडला आणि देवाने तो चालवून घेतला. अशा नावांवर नवी पाटी लावायची वेळ आली तर निदान दोन गोष्टी कराव्यात. जुनं नाव त्याच पाटीवर खाली राहू द्यावं. आणि नव्या-जुन्या दोन्ही नावांमागे कोण होतं, हे दोन ओळींत तिथेच लिहावं. दगडी फलकाला फार खर्च येत नाही. प्रत्येक नगरपालिकेने नामांतराच्या ठरावातच ही अट घालावी, आणि ती घातली नाही तर नागरिकांनी ती मागावी.

आणि कोलकात्याला जाणाऱ्या मराठी माणसाने सियालदहला उतरून मौलाली ते धर्मतला हा रस्ता एकदा पायी चालावा, चौरंगीवर पोचल्यावर ज्ञानदेवांनी सांगितलेला तो प्रसंग बरोबरच्यांना सांगावा, आणि दुसऱ्या दिवशी बागबाजारात जाऊन मराठा खंदकाची गल्लीही पाहून यावी.